१६ गोल, १०० गुण, तरी दुसरा नंबर

इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या दुसऱ्या श्रेणीतल्या, म्हणजे चॅम्पियनशिपमधल्या २०२४-२५ च्या मोसमाची अंतिम क्रमवारी कुठे सापडली तर दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवून बघा. बर्नली: २८ विजय, १६ बरोबऱ्या, २ पराभव. शेफील्ड युनायटेड: २८ विजय, ८ बरोबऱ्या, १० पराभव. विजयांचा आकडा दोघांचा सारखाच. बर्नली १०० गुणांवर थेट प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत गेलं. शेफील्ड ९२ गुण कमावून तिसरं आलं आणि प्लेऑफच्या, म्हणजे उरलेल्या एका जागेसाठीच्या बाद फेरीच्या रांगेत उभं राहिलं. त्यातले २ गुण दंडापोटी आधीच कापले गेले होते (दुसऱ्या क्लबांचे पैसे वेळेवर दिले नाहीत म्हणून), त्यामुळे तक्त्यावर ९०च दिसतात. पण ते २ परत दिले तरी क्रम बदलत नाही.

म्हणजे सगळा फरक त्या आठ सामन्यांचा, जे बर्नलीने बरोबरीत सोडवले आणि शेफील्डने घालवले. आठ सामने, आठ गुण. बढतीच्या शर्यतीबद्दल बोलताना लोक स्ट्रायकर, जानेवारीतली खरेदी, वेम्ब्ली मैदानावरचा अंतिम सामना असलं बोलतात. मला विचाराल तर हा मोसम समजायला या दोन ओळी पुरेत.

त्या मोसमाचे नियम थोडक्यात. २४ क्लब, प्रत्येकाचे ४६ सामने. पहिले दोन थेट वर. तिसरा ते सहावा या चौघांत प्लेऑफ: तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा, उपांत्य फेरीत दोन-दोन लढती, मग वेम्ब्लीवर एकच अंतिम सामना. शेवटचे तिघे खाली. गुण सारखे झाले तर आधी गोलफरक (केलेले उणे खाल्लेले), मग केलेले गोल. ऑगस्टमध्ये सुरू होऊन मेच्या पहिल्या आठवड्यात संपणाऱ्या या वेळापत्रकात शनिवार-मंगळवार-शनिवार अशी ओळ कितीदा तरी येते, त्यात नाताळ आणि ईस्टरला तर चार दिवसांत दोन सामने. चेंडू पायात असताना कितीही देखणा खेळणारा संघ असो, फेब्रुवारीतल्या मंगळवारी चिखल झालेल्या मैदानावर त्याचे पाय जड होणारच.

किती गुण लागतात, याचा ठोस आकडा कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. जुना ठोकताळा सामन्यामागे दोन गुणांचा, म्हणजे ९२ चा. तो कधी फारच जास्त ठरतो, कधी कमी. २०१२-१३ मध्ये हल सिटी ७९ गुणांवर दुसरं आलं आणि थेट वर गेलं. २०१९-२० मध्ये वेस्ट ब्रॉमला ८३ पुरले. उलट २०२३-२४ मध्ये लीड्सने ९० गुण मिळवले आणि तिसरं आलं, कारण लेस्टर ९७ वर होतं आणि इप्सविच ९६ वर. संडरलंडचंही १९९७-९८ मध्ये नेमकं हेच झालं होतं: ९० गुण, तिसरा नंबर, आणि वेम्ब्लीवर चार्ल्टनविरुद्ध ४-४ नंतर पेनल्टीवर पराभव. पाठलाग आकड्याचा नसतोच, पुढे धावणाऱ्या दोघांचा असतो. ते दोघं किती वेगाने पळणार, हे ऑगस्टमध्ये कोणाच्याच हातात नसतं.

आता बरोबरीचा हिशोब. जिंकण्याऐवजी बरोबरी झाली तर २ गुण गेले, हरण्याऐवजी झाली तर १ मिळाला. म्हणून तीन बरोबऱ्या म्हणजे एक विजय आणि दोन पराभव. ७५ व्या मिनिटाला ०-० असताना मॅनेजरने बचावातला एक माणूस काढून आणखी एक फॉरवर्ड उतरवला, आणि असल्या दर तीन सामन्यांतला एकापेक्षा जास्त तो जिंकू लागला, तर धोका पत्करणं फायद्याचं. तेवढे जिंकत नसेल तर आहे तो एक गुण खिशात घालून घरी जावं.

कागदावर हे धाडसाच्या बाजूने झुकतं. २०२३-२४ मध्ये लेस्टरने ३१ विजय, ४ बरोबऱ्या आणि तब्बल ११ पराभव अशा हिशोबात विजेतेपद घेतलं. पण ३१ सामने जिंकायला लेस्टरसारखा संघ लागतो, जो आदल्या वर्षापर्यंत प्रीमियर लीगमध्ये होता. शिवाय पराभव एकेकटे येत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये शेफील्डचं काय झालं ते पाहा: मार्चअखेरीस पहिल्या क्रमांकावर, मग ऑक्सफर्डला ०-१, मिलवॉलविरुद्ध ०-१, प्लिमथला १-२. सलग तीन, आणि त्यातलं प्लिमथ तर शेवटी खालच्या श्रेणीत गेलं. त्या तीनमधून नुसत्या बरोबऱ्या जरी काढल्या असत्या तरी ईस्टरला ते बर्नलीच्या दोन गुण मागे असते. प्रत्यक्षात पाच गुण मागे होते.

बर्नली त्या मोसमात कधीच सलग दोन हरलं नाही. हरायला एकूण सामनेच दोन होते: ऑगस्टमध्ये संडरलंडला ०-१, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मिलवॉलला ०-१. तेव्हा १३ सामने झाले होते. उरलेल्या ३३ मध्ये पराभव नाही.

आणि ही बघा या मोसमाची सगळ्यात भारी आकडेवारी. ४६ सामन्यांत बर्नलीने खाल्लेले गोल १६. एकही गोल न खाल्लेले सामने ३०. म्हणजे गोल खाल्लेले सामने उरले १६, आणि गोलही १६. वेगळं तपासायची गरजच नाही, त्या प्रत्येक सामन्यात बरोबर एकच गोल गेला. लीगमध्ये एकदाही दोन गोल खाल्ले नाहीत. याचा अर्थ पुढच्या माणसांनी दोन गोल केले की सामना खिशात, शंभर टक्के. एक केला तर कमीत कमी बरोबरी. शून्य केला तर वाईटात वाईट ०-१. असा तळ पायाखाली असला की फॉरवर्डवरचं ओझं किती हलकं होतं, याचा विचार करा. लीड्सने त्या मोसमात ९५ गोल केले, बर्नलीने फक्त ६९. सर्वाधिक गोल मधल्या फळीतल्या जॉश ब्राउनहिलचे, १८. वीस-पंचवीस गोल करणारा स्ट्रायकर त्यांच्याकडे नव्हताच.

हे कसं जमलं? स्कॉट पार्कर हा मॅनेजर या कामात मुरलेला. फुलहॅमला २०२० मध्ये प्लेऑफमधून आणि बोर्नमथला २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावरून त्याने वर नेलं होतं. आधीचा मॅनेजर व्हिन्सेंट कोम्पनी बायर्न म्युनिकला गेल्यावर जुलै २०२४ मध्ये तो बर्नलीत आला. पहिले दोन सामने ४-१ आणि ५-० असे जिंकले, आणि ऑगस्ट संपेपर्यंत निम्मा संघ विकला गेला होता: सँडर बर्ग फुलहॅमला, विल्सन ओडोबेर टॉटनहॅमला, डारा ओशे इप्सविचला. हे सगळं खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी उघडी असताना, सामने चालू असताना. दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या प्रत्येक क्लबचा ऑगस्ट असाच जातो, आणि म्हणूनच मोसमातले पहिले चार निकाल बघून अंदाज बांधण्यात काही अर्थ नसतो.

मग जे उरलं त्यातून पार्करने मागून बांधायला घेतलं. रचना बहुतेक वेळा ४-२-३-१ (चार बचावात, दोन त्यांच्या पुढे, मग तिघे, आणि सगळ्यात पुढे एक). मधोमध मॅक्सिम एस्तेव्ह आणि सीजे ईगन-रायली, दोघेही तरुण, दोघेही चेंडू पायात घेऊन न घाबरणारे. त्यांच्या पुढ्यात जॉश कलन आणि बहुधा जॉश लॉरंट. हल्ला चालू असताना या चौघांच्या जागा फारशा हलत नाहीत, हाच सगळा खेळ. चॅम्पियनशिपमधले बरेचसे गोल चेंडू गमावल्यानंतरच्या आठ-दहा सेकंदांत होतात: दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) वर गेलेले, मधला एक गडी पेनल्टी क्षेत्रात, आणि मागे दोन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) अर्ध्या मैदानाची राखण करतायत. बर्नलीचे पाच जण अशा वेळी चेंडूच्या मागे असायचे. एक फुलबॅक वर गेला की दुसरा आत सरकून सेंटर-बॅकच्या ओळीत. प्रतिस्पर्ध्याने चेंडू हिसकावला तरी समोर भिंत उभीच.

याची किंमतही होती. वर पाचच माणसं असली तर खोलवर बसलेल्या संघाची कडी उघडत नाही. त्यामुळे टर्फ मूर या घरच्या मैदानावर थंडीतल्या कितीतरी संध्याकाळी चेंडू डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि फलक ०-०. कंटाळवाणं होतं का? होतं. पण तिकीट काढून आलेल्याला कंटाळा येणं आणि संघ चुकीचं खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इंग्लंडमध्ये त्यांची गल्लत फार होते.

नुसत्या रचनेने १६ वर थांबता येत नाही, हेही मान्य करायला हवं. प्रतिस्पर्ध्यांना मिळालेल्या संधींच्या मोजमापावरून पाहिलं तर बर्नलीने यापेक्षा बरेच जास्त गोल खायला हवे होते. मधली तफावत गोलरक्षक जेम्स ट्रॅफर्डची. १७ जानेवारी २०२५, शुक्रवारची रात्र, टर्फ मूरवर समोर संडरलंड. ०-० चालू आहे, सामना संपत आलाय. संडरलंडला पेनल्टी मिळते, विल्सन इझिडोर मारतो, ट्रॅफर्ड अडवतो. काही मिनिटांत दुसरी पेनल्टी. परत इझिडोर, परत ट्रॅफर्ड. सामना ०-०. तक्त्यात हा निकाल बाकीच्या कंटाळवाण्या बरोबऱ्यांसारखाच दिसतो, एक गुण. आठवा ते आठ गुण. त्यातला एक अख्खा इथे आहे.

याच्या शेजारी लीड्सचा गोलरक्षक इलान मेलिए ठेवा. ऑक्टोबरमध्ये संडरलंडला ९७ व्या मिनिटापर्यंत लीड्स २-१ ने पुढे. अ‍ॅलन ब्राऊनने लांबून चेंडू साधा गोलकडे ढकलला, टप्पा वेडावाकडा पडला आणि मेलिएला चकवून आत. २-२. मार्चअखेर स्वानसीविरुद्ध पुन्हा त्याच्या चुका, पुन्हा २-२, तोही घरच्या मैदानावर. त्यानंतर लीड्सचा मॅनेजर डॅनियल फार्का याने त्याला बसवलं आणि उरलेले सातही सामने कार्ल डार्लोला दिले. बढतीच्या शर्यतीत सात सामने उरलेले असताना गोलरक्षक बदलणं हा जुगार असतो. बचावफळीला त्याच्या हाका, त्याची पुढे येण्याची सवय, गोलकिकची लांबी, सगळंच नव्याने समजून घ्यावं लागतं. फार्काने तो खेळला. माझ्या मते दोन महिने उशिरा.

प्रतिस्पर्ध्यांबरोबरचे सामने वेगळ्या वहीत मांडावे लागतात, कारण तिथे गुणांचा फरक दुप्पट पडतो. बर्नलीने लीड्सला एलंड रोडवर १-० हरवलं आणि घरी ०-० रोखलं. शेफील्डला ब्रॅमल लेनवर नाताळच्या दुसऱ्या दिवशी २-०, आणि मग २१ एप्रिल, ईस्टर सोमवार.

त्या दिवशी दुपारी आधी लीड्सने स्टोकला ६-० असं झोडपलं. जोएल पिरूचे पहिल्या हाफमध्येच चार गोल. त्यानंतर टर्फ मूरवर बर्नली विरुद्ध शेफील्ड. गणित सरळ होतं: बर्नली ९१, शेफील्ड ८६, दोघांचेही तीन सामने बाकी. शेफील्ड हरलं की बर्नली आणि लीड्स दोघंही वर. ब्राउनहिलचा गोल, टॉम कॅननची बरोबरी, मग पेनल्टीवर पुन्हा ब्राउनहिल. २-१. दुसऱ्या हाफमध्ये बर्नलीने तेच केलं जे मोसमभर केलं होतं, म्हणजे काहीही घडू दिलं नाही. दोन सामने उरले असताना प्रश्न निकालात निघाला.

या शर्यतीत दोन व्यावहारिक गोष्टी फारसं कोणी बघत नाही. एक पिवळ्या कार्डांची. लीगच्या पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी झाली तर एक सामना बाहेर, ३७ व्या सामन्यापर्यंत दहा झाली तर दोन सामने. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये चार कार्डांवर असलेला बचावात्मक मिडफिल्डर हातचं राखून टॅकल करतो, आणि मार्चमध्ये नऊवर असलेल्याला मॅनेजर सोप्या सामन्यात बसवतो. दुसरी, उसन्या खेळाडूंची. एका सामन्याच्या यादीत पाचच उसने खेळाडू ठेवता येतात, आणि ज्या क्लबकडून आणला त्याच्याविरुद्ध तो साधारणपणे खेळत नाही. बर्नलीने झियान फ्लेमिंगला मिलवॉलकडून उसना आणला होता, म्हणजे वर्षातले दोन सामने असे की जिथे त्याच्याविना खेळायची तयारी हवी.

पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. प्रीमियर लीगमधून घसरलेल्या क्लबाला पॅराशूट रक्कम मिळते: तिथल्या प्रसारण उत्पन्नातल्या समान वाट्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. वर एकच मोसम टिकलेल्यांना तिसरं वर्ष नाही. २०२४-२५ मध्ये लीड्स, बर्नली आणि शेफील्ड, तिघांकडेही हा आधार होता. पहिल्या तिघांत तेच तिघे आले, यात नवल ते काय? दुसरीकडे तोट्यावर मर्यादा आहे, तीन वर्षांत जास्तीत जास्त ३९ दशलक्ष पौंड, आणि पॅराशूट संपल्यावर तीच मर्यादा गळ्याशी येते. म्हणून अशा क्लबांसाठी पहिली दोन वर्षंच खरी. तिसऱ्या वर्षी तेच पगार, निम्म्याहून कमी पैसे, आणि विकायला उरलेले खेळाडू ज्यांना कोणी घेत नाही.

चौथं आलेलं संडरलंड मात्र पॅराशूटशिवाय आलं होतं, ७६ गुणांवर. लीगचे शेवटचे पाच सामने सलग हरून ते प्लेऑफला पोचलं, आणि तरीही वर गेलं! कव्हेंट्रीविरुद्ध उपांत्य फेरीच्या दुसऱ्या लढतीत डॅन बॅलर्डने १२२ व्या मिनिटाला डोक्याने गोल केला. मग २४ मे, वेम्ब्ली, समोर शेफील्ड युनायटेड. टायरीस कॅम्पबेलने शेफील्डला पुढे नेलं, हॅरिसन बरोजने दुसरा गोल केला, पण तो व्हीएआरने (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी) रद्द ठरवला. ऑफसाइड जागेतला सहकारी गोलरक्षकाच्या नजरेसमोर उभा होता. निर्णय नियमाला धरून होता. पण गंमत अशी की लीगच्या ४६ सामन्यांत व्हीएआर नसतोच. नऊ महिने एका पद्धतीने खेळायचं आणि सगळ्यात महागड्या ९० मिनिटांना दुसरी पद्धत, हे मला अजून पटलेलं नाही. ७६ व्या मिनिटाला एलिएझर मायेंडाने बरोबरी केली, ९५ व्या मिनिटाला टॉमी वॉटसनने विजयी गोल. वॉटसनचा ब्रायटनशी करार आधीच ठरलेला होता. शेफील्डच्या लीगमधल्या दहा पराभवांना हा अकरावा जोडला गेला.

विजेतेपदाचं काय? ३ मेला, शेवटच्या दिवशी, बर्नलीने मिलवॉलला ३-१ हरवलं आणि १०० वर पोचलं. लीड्स प्लिमथला १-१ वर अडकलं होतं. तसंच राहिलं असतं तर लीड्स ९८, चषक बर्नलीचा. ९१ व्या मिनिटाला मानोर सोलोमनने गोल केला. दोघंही १०० वर, गोलफरक लीड्सचा ६५, बर्नलीचा ५३. विजेतं लीड्स. बरोबऱ्यांवर बांधलेल्या मोसमाचा हा एक तोटा खराच: गुण बरोबरीत सुटले की गोलफरकात मार खावा लागतो.

याच क्लबने दोनच वर्षांपूर्वी, २०२२-२३ मध्ये, कोम्पनीच्या हाताखाली ८७ गोल करून, ३५ खाऊन १०१ गुण मिळवले होते. खेळ डोळ्यांना सुखावणारा. वर गेल्यावर ३८ सामन्यांत २४ गुण, आणि परत खाली. त्या वर्षी बढती मिळालेले तिघेही खाली आले, पुढच्या वर्षीचे तिघेही. पार्करची भिंत त्यावरचा उतारा म्हणून बघितली जात होती. जुलै २०२५ संपेपर्यंत ट्रॅफर्ड मँचेस्टर सिटीत परत गेला होता, ईगन-रायली करार संपवून मार्सेलला, आणि कर्णधार ब्राउनहिलचाही करार संपला होता. एस्तेव्ह राहिला, कलन राहिला.